सेल्फ लागत नाही: जुन्या एमजीबीतला दोष मीटरने कसा शोधायचा

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिचा सेल्फ लागत नाही म्हटलं की पहिला बळी जातो बॅटरीचा, दुसरा सेल्फच्या मोटरचा. दोन्ही नवं बसवून झालं तरी गाडी ‘टक्’ करून गप्प बसते आणि मग सगळं खापर तिचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या माथी फुटतं. खरं तर या गाडीची चालू होण्यापुरती वायरिंग अगदी थोडी आहे. एक डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि किल्ली फिरवायला आणखी एक माणूस, एवढ्यावर दोष सापडतो. अट एकच: मोजमाप सेल्फ मारत असताना घ्यायचं. गाडी नुसती उभी असताना घेतलेले आकडे बहुतेक वेळा खोटा दिलासा देतात.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. उघडी आणि बंद छपराची जीटी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, म्हणून आजही जगभर त्या चालू आहेत आणि सुटे भागही मिळतात. इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ‘बी सीरिज’ घराण्यातलं. आपल्याकडच्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. त्यामुळे ॲम्बेसेडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला एमजीबीचं बोनेट उघडल्यावर बरंच काही ओळखीचं दिसतं. फरक आहे तो बॅटरीच्या जागेत आणि अर्थिंगमध्ये, आणि नेमके बरेचसे दोष तिथेच असतात.

आधी गाडी कोणत्या काळातली ते पाहा

१९६७च्या अखेरीपर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या. म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. डायनॅमो असलेल्या या गाड्यांत सेल्फ बेंडिक्सचा आहे: मोटर झटक्याने फिरली की दातेरी पिनियन स्वतःच्या जडत्वाने पुढे सरकून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकते. सोलेनॉइड (विद्युतचुंबकावर चालणारा स्विच) मोटरवर नसून इंजिनाच्या कप्प्यात वेगळा बसवलेला असतो आणि त्याचं काम फक्त मोठ्या स्विचचं.

त्यानंतरच्या मार्क टू गाड्यांत निगेटिव्ह अर्थ, अल्टरनेटर आणि प्री-एंगेज्ड सेल्फ आला. इथे सोलेनॉइड मोटरच्या अंगावरच बसतो आणि दोन कामं करतो: आधी लिव्हरने पिनियन रिंगमध्ये ढकलतो, मग आतले तांब्याचे जाड संपर्क मिटवून मोटरला करंट देतो. पुढे किल्ली आणि सोलेनॉइड यांच्यामध्ये एक रिलेही बसवला गेला, कारण सोलेनॉइड क्षणभर का होईना बराच करंट ओढतो आणि तो किल्लीच्या स्विचला सोसत नाही.

अनेक जुन्या पॉझिटिव्ह अर्थच्या गाड्या नंतर कुणीतरी निगेटिव्ह अर्थ करून घेतलेल्या असतात. पुस्तकात काय लिहिलंय यापेक्षा बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला गेलंय ते डोळ्यांनी बघा. दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायची वेळ आली तर हे फार महत्त्वाचं. एक गाडी पॉझिटिव्ह अर्थ आणि दुसरी निगेटिव्ह अर्थ असेल तर दोघींचे बंपर एकमेकांना टेकू देऊ नका. प्लस प्लसला आणि मायनस मायनसला जोडलेली असताना बॉडीला बॉडी लागली की सरळ शॉर्टसर्किट. आणि उलटी जोडणी झाली तर अल्टरनेटरचे डायोड गेलेच म्हणून समजा.

वायरचे रंग लुकासच्या पद्धतीचे आहेत आणि चार-पाच लक्षात ठेवले तरी पुरतात. तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट, कायम जिवंत आणि फ्यूज नसलेली. पांढरी म्हणजे किल्ली चालू केल्यावर येणारी. पांढरी-लाल ही किल्लीच्या सेल्फच्या खुणेवरून निघते. पांढरी-तपकिरी रिलेपासून सोलेनॉइडपर्यंत जाते. पांढरी-काळी कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरला जाते आणि नुसती काळी म्हणजे अर्थ. पन्नास-साठ वर्षांत कुणी मिळेल त्या रंगाची वायर जोडली असेल तर रंगावर विसंबू नका, वायर शेवटपर्यंत हाताने मागे न्या.

बॅटरी: एक नव्हे, दोन

१९७४ पर्यंतच्या एमजीबीत १२ व्होल्टची एक बॅटरी नाही. सीटच्या मागे गालिचा उचलून झाकण काढलं की ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दिसतात, एकमेकींना सिरीजमध्ये जोडलेल्या. रबरी बंपरच्या गाड्यांपासून एकच १२ व्होल्टची आली, आणि जुन्या गाड्यांतही कित्येकांनी तसा बदल केला आहे. दोन असतील तर दोन्हींची बेरीज मोजून थांबू नका. एक मेलेली आणि एक धडधाकट असली तरी उभ्या गाडीत बेरीज बारा-साडेबारा दिसू शकते. सेल्फ मारताना प्रत्येकीवर वेगळा मीटर लावा. एक साडेपाचवर टिकते आणि दुसरी तीनवर कोसळते, तर गुन्हेगार समोर आहे. बदलायच्या वेळी मात्र दोन्ही एकदम बदला. जुनी-नवी जोडी केली की नवीही लवकर जाते.

१२ व्होल्टच्या हिशेबाने, काही तास विसावलेली पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ उतरलेली. सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. त्याखाली जात असेल तर आधी चार्ज करा आणि पुन्हा मोजा. अर्धवट चार्ज झालेल्या बॅटरीवर पुढची कुठलीच तपासणी करण्यात अर्थ नाही.

मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, क्लॅम्पवर नाही. सुरुवातीच्या गाड्यांत खुंटावर टोपीसारखं टर्मिनल बसतं आणि वरून एक स्क्रू पिळलेला असतो. वारंवार काढघाल केल्याने शिशातला आटा जातो, स्क्रू घट्ट वाटतो पण टोपी आत सैल राहते. वरून चकचकीत, आतून पांढरी भुकटी. टोपी काढून खुंट आणि टोपीची आतली बाजू काचपेपरने उजळ करा, बसवल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेली लावा. समुद्रकाठच्या हवेत, म्हणजे मुंबई-गोव्याकडे, हे काम दर पावसाळ्यानंतर करायचंच.

काम करताना अर्थचं टोक आधी काढा आणि सर्वांत शेवटी जोडा. ही बॅटरी सीटमागच्या खड्ड्यात आहे, पाना निसटून बॉडीला लागायला वेळ लागत नाही. हातातलं धातूच्या पट्ट्याचं घड्याळही उतरवून ठेवा.

ओहममध्ये मोजलं तर फसाल

सेल्फ इंजिन फिरवत असताना साधारण १५० ते २०० ॲम्पिअर ओढतो, अडकलेला असेल तर त्याच्या दुप्पटही. आता एखाद्या सांध्यात फक्त ०.०१ ओहम रोध आहे असं धरा. २०० ॲम्पिअर गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट त्या एका सांध्यातच गेले. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२ ओहमच्या आसपास असतो. त्याला ०.०१ ओहम काय दिसणार? जाड केबलच्या शेकडो तारांपैकी चारच शाबूत राहिल्या तरी मीटर ‘टीं’ करून सगळं ठीक असल्याचं सांगतो. टेस्ट लॅम्पही लख्ख पेटतो, कारण त्याला अर्धा ॲम्पिअरही लागत नाही.

म्हणून मीटर व्होल्टवर ठेवायचा, ज्या तुकड्यावर संशय आहे त्याच्या दोन टोकांना लावायचा आणि सेल्फ मारायचा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट त्या तुकड्याने खाल्ले. चांगली केबल जवळजवळ काहीच खात नाही.

आधी तयारी. गियर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला लाकडाचा ठोकळा. इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलवरची पांढरी-काळी वायर काढून बाजूला ठेवा. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि मध्ये मिनिटभर थांबा.

मार्क टू आणि नंतरच्या गाडीत मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटावर आणि दुसरं सोलेनॉइडमधून मोटरच्या आत जाणाऱ्या जाड जोडाच्या बोल्टवर. बॅटरी सीटमागे आणि सेल्फ पुढे इंजिनाच्या उजव्या बाजूला असल्याने मीटरला एक लांब वायर जोडावी लागेल. ती बारीक असली तरी चालते, कारण मीटर करंट ओढतच नाही. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर तुकडे पाडा: खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते सोलेनॉइडचा बॅटरीकडचा बोल्ट, मग सोलेनॉइडच्या दोन बोल्टांच्या मध्ये. एकेका सांध्यावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त नको. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांच्या मध्येच व्होल्टभर जात असेल तर आतले संपर्क जळालेत.

मग अर्थची बाजू, जी बहुतेक जण मोजतच नाहीत. एक टोक इंजिनाच्या ब्लॉकवर उघड्या धातूला, दुसरं बॅटरीच्या मायनस खुंटावर. ०.३ व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर संशयित दोनच: बॅटरीपासून बॉडीला जाणारी छोटी केबल, आणि इंजिन किंवा गियरबॉक्सपासून बॉडीला जाणारी विणलेली अर्थ पट्टी.

ही पट्टी या गाडीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. दोघांना जोडणारी ही एकच पट्टी, तीही खाली, तेल आणि चिखलात. क्लच किंवा इंजिनाचं काम करताना ती काढली जाते आणि परत लावायची राहून जाते, किंवा रंग दिलेल्या बॉडीवर तशीच पिळली जाते. मग दोनशे ॲम्पिअर परत कुठून जाणार? वाट मिळेल तिथून, आणि ती वाट बहुतेकदा चोकची केबल असते. सेल्फ मारल्यावर डॅशबोर्डवरची चोकची दांडी हाताला गरम लागली, किंवा केबलच्या आवरणातून धूर निघाला, तर दुसरा काही शोध घेऊ नका. पट्टी काढा, दोन्ही जागा धातू दिसेपर्यंत घासा, तारा कुजल्या असतील तर नवी घाला. चोकची केबल आतून वितळून अडकली असेल तर तीही बदलावी लागते.

खात्री करायला जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनाला लावून सेल्फ मारा. (पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत अर्थात प्लसला.) सेल्फ जोमाने फिरला तर दोष अर्थिंगचाच.

मीटर नसेल तर बोटंही उपयोगी पडतात. २ व्होल्ट आणि २०० ॲम्पिअर म्हणजे ४०० वॅट उष्णता त्या एका सांध्यात. पाच-सात सेकंद सेल्फ मारून लगेच एकेक सांधा जपून चाचपा. जो तापलाय तो खराब.

आवाज काय सांगतो

हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे एकदम मंद झाले आणि सेल्फ कण्हला, तर बॅटरी उतरलेली आहे, बॅटरीजवळचा सांधा खराब आहे, किंवा मोटर आतून अडकली आहे. खुंटांवर मीटर लावला की निवाडा होतो: खुंटावर १२ च्या वर टिकून आहे पण दिवे मंद, तर सांधा. खुंटावरच कोसळतंय तर बॅटरी किंवा मोटर. पूर्ण चार्ज केलेली दुसरी बॅटरी लावूनही कोसळत असेल तर मोटर. बुश झिजून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आत घासायला लागलं की असं होतं.

एकच जोरदार ‘टक्’ आणि दिवे तसेच लख्ख: सोलेनॉइड ओढला गेला, पण मोटरला करंट पोचला नाही. जळालेले संपर्क किंवा संपलेले कार्बन ब्रश. सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकं ठोकल्यावर एखादवेळा फिरतो तो ब्रशमुळे. त्यावर घरापर्यंत पोचता येतं, पण तो इलाज नव्हे.

भराभर ‘टकटकटक’: सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. मोटर फिरायला लागली आणि व्होल्टेज कोसळलं की धरून ठेवणारी सोडून देते, व्होल्टेज परत चढतं, पुन्हा ओढते. दहापैकी नऊ वेळा मूळ कारण उतरलेली बॅटरी किंवा खराब सांधा, क्वचित धरणारी गुंडाळी तुटलेली.

जुन्या बेंडिक्सच्या सेल्फमध्ये मोटर नुसतीच घूं करून फिरते आणि इंजिन हलतही नाही. पिनियनच्या आट्यावर क्लचची धूळ आणि तेल बसलेलं असतं. पेट्रोलने धुवून, वाळवून कोरडाच ठेवायचा. तेल-ग्रीस लावलं की महिन्याभरात तीच तक्रार. उलट पिनियन रिंगमध्ये अडकून बसली तर किल्ली बंद करा, गाडी टॉप गियरमध्ये टाका आणि पुढे-मागे हलवा, सुटते.

आवाजच नाही आणि दिवे चांगले, तर किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर तपासायची. टेस्ट लॅम्प सोलेनॉइडच्या छोट्या टोकावर लावून किल्ली फिरवा. लॅम्प पेटला तर मीटरनेही बघा: बॅटरीपेक्षा व्होल्टभराहून कमी असेल तर वाटेतला एखादा संपर्क थकला आहे, पूर्ण असेल तर सोलेनॉइड गेला. लॅम्प पेटलाच नाही तर मागे रिलेवर या. लुकासच्या रिलेवर सी अक्षराची दोन टोकं संपर्काची आणि डब्ल्यूची दोन गुंडाळीची. सीच्या एका टोकावर तपकिरी वायर कायम जिवंत हवी. डब्ल्यूच्या एका टोकावर पांढरी-लाल, किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. दुसरं डब्ल्यू अर्थला, आणि हीच अर्थची वायर गंजलेली सापडते. पांढऱ्या-लालवरच काही येत नसेल तर किल्लीचा स्विच किंवा मधला बुलेट कनेक्टर. हे कनेक्टर काळ्या रबरी नळीत असतात, आत तांब्याला हिरवं चढलेलं दिसत नाही. ओढून काढा, घासा, परत घाला.

अमेरिकेत विकलेल्या १९७४ सालच्या गाड्यांत एक जास्तीची भानगड आहे. तिथल्या त्या वर्षीच्या नियमामुळे सीटबेल्ट लावल्याशिवाय सेल्फ लागू नये अशी यंत्रणा बसवली होती. नियम त्याच वर्षाअखेर रद्द झाला, पण काही गाड्यांत तिचे अवशेष वायरिंगमध्ये अजून लोंबकळत असतात. अमेरिकेतून आलेली गाडी असेल तर सीटखालचे स्विच आधी बघा.

सेल्फ फिरतो, इंजिन घेत नाही

किल्ली फक्त चालू करा, सेल्फ मारू नका, आणि कान द्या. एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप मागून टकटक करायला हवा आणि कार्ब्युरेटर भरले की थांबायला हवा. हा पंप पांढऱ्या वायरवरच चालतो, त्यामुळे पंपाचा आवाज आला म्हणजे किल्लीतून पांढऱ्या वायरला वीज मिळतेय हे फुकटात कळलं. पंप गप्प आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवाही विझलेला, तर किल्लीचा स्विच. दिवा लागलाय पण पंप गप्प, तर पंपाचे पॉइंट (आतले उघडझाप करणारे संपर्क) किंवा त्याची अर्थ.

कॉइलची पांढरी-काळी वायर आता परत जोडा. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या कॉइलच्या टोकावर मीटर लावा, किल्ली चालू ठेवा आणि इंजिन हळूहळू हाताने फिरवा (टॉप गियरमध्ये गाडी ढकलून फिरतं). डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट उघडले की १२ च्या आसपास, मिटले की जवळजवळ शून्य, असा आकडा खाली-वर व्हायला हवा. कायम १२ राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांच्यावर तेल-मळ आहे, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली बेसप्लेटची बारीक अर्थ वायर तुटली आहे. ती कापडी आवरणात असते आणि आतल्या आत तुटते, बाहेरून सलग दिसते. कायम शून्य राहिला तर पॉइंटवरच्या इन्सुलेटरचे वॉशर उलटसुलट बसलेत, कंडेन्सर शॉर्ट आहे, किंवा कॉइलपर्यंत वीजच येत नाही. सुरुवातीच्या गाड्यांत कॉइलकडे जाणारी पांढरी वायर आधी इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या रेव्ह काउंटरमधून फिरून येते, म्हणजे डॅशबोर्डमागे हात घालताना तो जोड सुटला तर इंजिन बंद.

पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ठिणगी कॉइलपासून निघते पण प्लगपर्यंत जात नाही, असं दिसलं तर रोटर आर्म बदलून बघा. बाजारात मिळणाऱ्या काही रोटरांची रिव्हेट आतून दांड्याच्या फार जवळ येते आणि ठिणगी तिथूनच अर्थला जाते. नवा आहे म्हणून चांगला असं इथे समजू नका. हेच कंडेन्सरबद्दलही.

रबरी बंपरच्या गाड्यांत आणखी एक खुबी. कॉइल साधारण १.५ ओहमची, आणि तिच्या वाटेवर वायरिंगमध्येच एक रोधक वायर, जिला बॅलास्ट म्हणतात. सेल्फ मारताना सोलेनॉइडवरून एक वेगळी वायर हा रोध टाळून कॉइलला थेट वीज देते, म्हणजे बॅटरी दबलेली असतानाही ठिणगी जोरदार राहते. त्यामुळे दोन ठळक लक्षणं दिसतात. सेल्फ फिरतोय तोवर इंजिन पकडतं आणि किल्ली सोडताच मरतं, तर बॅलास्टची वाट तुटली आहे. उलट, किल्ली सोडण्याच्या क्षणीच इंजिन पकडतं, तर सोलेनॉइडवरून येणाऱ्या त्या वेगळ्या वायरवर वीज येत नाही.

जुन्या गाड्यांची बिनबॅलास्टची कॉइल साधारण ३ ओहमची असते. ती बॅलास्टच्या वाटेवर लावली तर ठिणगी मिळमिळीत, आणि १.५ ओहमची थेट १२ व्होल्टवर लावली तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. मागच्या मालकाने काय लावलंय ते ओळखायला कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला एका वायरने क्षणभर अर्थ करा, किल्ली चालू ठेवा आणि दुसऱ्या टोकावर व्होल्ट बघा. १२ च्या जवळ असेल तर वाटेत बॅलास्ट नाही, ३ ओहमची कॉइल घ्या. ६ ते ८ च्या दरम्यान असेल तर बॅलास्ट आहे, १.५ ओहमची घ्या. वाचन झालं की वायर लगेच काढा.